ही बाजू वर

६ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही मुकादमांनी दिली. गोदाम आवरताना कपाटामागे सापडली, कोरी करकरीत. माझ्या हातात ठेवून म्हणाले, "घे पंडित. रोज लोकांच्या चुका काढतोस, आता आपल्या लिही."

मी पंडित नाही. शाळा सहावीतच सुटली. पण आमची माणसं खोक्यांवर 'नाजुक' लिहितात आणि मला ते बघवत नाही, म्हणून मी पेन घेऊन जुचा जू करत फिरतो. मुकादम विचारतात, ऱ्हस्व लिहिलं तर बशी लवकर फुटते का रे? फुटत नाही, हे मलाही कळतं. तरी करतो.

आमची कंपनी लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात नेते. त्यातली काच आणि चिनी माती बांधायचं काम माझं. ताटल्या उभ्या, कप उपडे, प्रत्येकाला दोन कागद, फटींत चुरगाळलेला कागद. शेवटी खोक्याच्या चारही बाजूंना शिक्का: वर जाणारा बाण आणि 'ही बाजू वर'. सहा वर्षांत माझ्या खोक्यातलं एकही भांडं फुटलेलं नाही.

घरी आम्ही दोघंच, ताई आणि मी. ताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. बाबा बोटीवर होते, त्यांनी जपानहून आईसाठी सहा कप आणले होते. बाबा गेले, मग आई गेली, मग कप पाच राहिले. सहावा मी फोडला. अकराव्या वर्षी मला विषमज्वर झाला, दोन महिने अंथरुणात होतो. उठलो तेव्हा कपाटात पाचच होते. ताई म्हणाली, "एक गेला." तिने जास्त सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तापात मी काय काय केलं ते मला आठवत नाही, म्हणजे हेही मीच केलं असणार.

पूर्वी ताईला लग्नाचं विचारायला माणसं यायची. ती हसून सांगायची, सेट अपुरा टाकून मी कशी जाऊ, आधी सहावा कप आणून द्या. सगळे हसायचे. मी हसायचो नाही. आता कोणी येत नाही. ती एकोणचाळीस वर्षांची आहे.

म्हणून मी कप शोधतो. सापडला की ती जाईल, हेही मला माहीत आहे. हे दोन विचार एका खोक्यात बांधता येत नाहीत, एकमेकांवर आपटतात.

९ फेब्रुवारी, रविवार

जुन्या बाजारात गेलो होतो. एक कप आणला. आता माझ्याकडे चौदा जपानी कप झाले, चौदाही एकटे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ताई माझ्या फळीला अनाथाश्रम म्हणते.

आजचा अंड्याच्या टरफलाइतका पातळ आहे. नखाने टिचकी मारली की आवाज निघतो आणि बराच वेळ खोलीत राहतो. तडा असला की आवाज लगेच मरतो. सोनेरी रेघ हाताने ओढलेली आहे, कारण एका जागी ती किंचित थरथरली आहे. ज्याने ओढली त्याला त्या वेळी कोणी हाक मारली असेल का, याचा मी परत येताना विचार करत होतो आणि आमची गल्ली मागे टाकून पुढे गेलो.

आमच्या घरच्या कपांवर गवताची उंच पाती आहेत आणि त्यावर एक तांबूस चतुर. पहिल्या कपावर तो पात्याच्या बुंध्याशी बसला आहे, दुसऱ्यावर जरा वर, असं करत पाचव्यावर अगदी टोकाशी. पण खरी गंमत तळात आहे. रिकामा कप उजेडासमोर धरला की तळातून एका बाईचा चेहरा वर येतो. रंग नाही, रेघ नाही. माती जिथे पातळ तिथे उजेड, जाड तिथे सावली, एवढ्यातून कपाळ, नाक, मिटलेले ओठ. कप खाली घेतला की ती बुडते. लहानपणी मला वाटायचं, ती आई आहे आणि चहा प्यायल्यावर दिसते. अजूनही मी घोटभर शिल्लक असताना जरा थांबतो.

कपाखाली शिक्का आहे. मला ती लिपी येत नाही, पण नक्कल करता येते. मी प्रत्येक कपाचा शिक्का एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवतो. कपाचा कान उजव्या हाताला धरायचा, कप आपल्याकडे कलंडायचा, आणि दिसेल तसं काढायचं. आमच्या पाचही कपांखाली डोक्यावर चौकोनी पेटी घेतलेला माणूस आहे, पाय फाकून उभा, आणि त्याच्या पायाखाली एक आकडा. मी त्याला पेटीवाला म्हणतो. माझ्याच धंद्यातला वाटतो. शिक्का जुळल्याशिवाय कप आपला मानायचा नाही, हा माझा नियम.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताई परत घड्याळजींकडे गेली होती. बाबांचं मनगटी घड्याळ ती वापरते आणि ते आठवड्यातून एकदा मागे पडतं. दर शनिवारी दुपारी ती ते दाखवायला नेते. आज ती गेल्यावर माझ्या मनात आलं, की काल झोपण्याआधी मी ते रेडिओशी ताडून पाहिलं होतं. एका सेकंदाचाही फरक नव्हता.

मग घड्याळजी नेमकं काय दुरुस्त करतात? ताई साधी आहे. कोणी तिला फसवत असेल तर तिला कळायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काम लवकर आटोपलं. ताई खिडकीशी रफू करत बसली होती. धोब्याकडून तिच्याकडे फाटके, जळके, कसर लागलेले कपडे येतात. त्याच कापडाचा दोरा काढून ती भोक असं विणते, की मागून गिऱ्हाईकालाही जागा सापडत नाही. तिच्या मांडीवर करड्या रंगाचा पुरुषाचा कोट होता. तो कोट तीन आठवडे आमच्याकडे आहे. एकदा कोपर झालं, मग कॉलर, मग खिशाचं अस्तर. इतका फाटका कोट माणूस टाकून का देत नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "काही माणसं टाकत नाहीत."

शिक्क्यांची वही टेबलावर पडली होती. मी चहा घेऊन समोरच्या बाजूने आलो तेव्हा क्षणभर पेटीवाला वेगळाच दिसला. माणूसच नव्हता. मी वही फिरवून नीट ठेवली. तिरकं बघितलं की काहीही दिसतं.

१ मार्च, शनिवार

आज घड्याळजींच्या दुकानात गेलो. ताई दुपारी जाते, म्हणून मी सकाळीच गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं.

दुकान पायऱ्या उतरून खाली आहे. आत गेलं की रस्त्याचा आवाज बंद होतो. शेदीडशे घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी, आणि सगळ्यांची टिकटिक मिळून पाण्यासारखा आवाज. वर फुटपाथवरून चालणाऱ्यांचे पाय काचेतून दिसतात. मधे एक माणूस, पन्नाशीच्या आतला, डोळ्याला भिंग लावलेला. त्याने मान वर केली तेव्हा एक डोळा फार मोठा होता आणि त्यात मी दिसत होतो.

दारावर कागद लावला होता: 'दुकान ३० मार्च पासुन बंद.' मी बोलायचं ते विसरलो आणि म्हणालो, "पासून जोडून लिहितात. आणि सू दीर्घ." त्यांनी भिंग काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. दुरुस्त करताना माझे कान तापले.

तेच बोलले. बंदराच्या गावात मनोऱ्याचं मोठं घड्याळ आहे, त्याची देखभाल त्यांना मिळाली आहे. मनोऱ्याखालीच राहायला दोन खोल्या. खिडकीतून समुद्र. "एकट्याला जरा जास्तच आहे," असं ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, भिंतीवरची घड्याळं न्यायची असतील तर लंबक आधी काढून वेगळे बांधा.

मग मला कप दिसला. त्यांच्या बाजूला, घडी घातलेल्या फडक्यावर उपडा ठेवलेला. गवताची पाती, तांबूस चतुर. मी लांबूनच शिक्का नीट बघितला. पेटीवाला नाही. एक घर आहे, दार असलेलं, उतरतं छप्पर, छपरावरून उडणारे दोन पक्षी आणि त्यावर एक वळसा. चतुरही पात्यावर नाही, गवतापासून सुटून मोकळ्या हवेत आहे. आमच्या पाचही कपांवर तो बसलेला आहे.

म्हणजे आपला नाही. मला इतकं हलकं वाटलं, की घड्याळाबद्दल विचारायचंच राहिलं. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि विसरायच्या आत त्या घराची नक्कल वहीत करून टाकली. हा आणखी एक नवा शिक्का.

५ मार्च, बुधवार

ताईला काहीतरी झालं आहे.

ती मला सूप करायला शिकवते आहे. मी तेवीस वर्षांचा आहे आणि आजवर तिने मला शेगडीजवळ उभं केलं नव्हतं. काल शर्टाच्या बाह्या कशा घडी करायच्या ते दाखवलं. आज घराची कागदपत्रं कुठल्या डब्यात आहेत ते सांगितलं, आणि डबा परत परत उघडायला लावला. सूप करताना मी मीठ दोनदा घातलं. ती हसली नाही. म्हणाली, "असू दे. पाणी वाढव. चूक झाली की काय करायचं ते कळलं म्हणजे झालं."

आणि ती मधेच हातातली सुई तशीच धरून खिडकीबाहेर बघते. तिथे बघण्यासारखं काही नाही, शेजारची भिंत आहे. विचारलं तर म्हणते, दोरा सापडत नव्हता.

माणूस निरवानिरव करतो ती अशीच. तिला मोठा आजार आहे आणि ती माझ्यापासून लपवते आहे. शब्दकोशात 'असाध्य' शोधला. अर्थ माहीत होता, तरी बघितला.

१२ मार्च, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझं मलाच पटणार नाही.

कालपासून एका डॉक्टरीणबाईंच्या घरी काम चालू आहे. त्या आयुष्यभर बोटीवर डॉक्टर होत्या, आता पंचाहत्तरीच्या आहेत आणि मुलीकडे राहायला जाणार आहेत. तिथे एकच खोली मिळणार, म्हणून बाकी सगळं देऊन टाकलं आहे. ठेवलेत फक्त कप. बावीस, सगळे जपानी. एवढे चांगले कप मी एका जागी कधी पाहिले नव्हते. दिवसभर मी ते पुसत आणि गुंडाळत होतो. खिडकीतून ऊन येत होतं आणि प्रत्येक कप कागदात जायच्या आधी क्षणभर पेटत होता.

बाई खुर्चीत बसून माझे हात बघत होत्या. मी धीर करून विचारलं, एखाद्याला आजार असेल आणि तो घरच्यांना सांगत नसेल तर ओळखायचा कसा? त्या म्हणाल्या, लक्षणं सांग. मी सगळी सांगितली. सूप, कागदपत्रांचा डबा, भिंतीकडे बघणं, चालू घड्याळ दर शनिवारी दुरुस्तीला नेणं, सहा आठवड्यांत न संपलेला कोट.

"चेहऱ्यावर रंग आहे का?"

"आहे. शनिवारी जास्त असतो."

"कोट कोणाचा?"

माहीत नाही, असं मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या हसत होत्या, पण तेवढंच नव्हतं.

"हा मला झाला होता एकदा. मी बोटीवर चढले आणि बरी झाले," त्या म्हणाल्या. "बरं व्हायला नको होतं."

म्हणजे ताई मरणार नाही ना, असं मी स्पष्टच विचारलं. नाही रे बाबा, त्या म्हणाल्या, आणि मी पुसलेलाच कप परत पुसायला लागलो. मला शांत करायला म्हणून असेल, पण त्यांनी खिशातली माझी शिक्क्यांची वही मागितली. कपाटातला एकेक कप उचलताना मी त्यात काय बघत होतो, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पानं उलटली. मग दोन्ही हातांनी वही धरून हळूच फिरवली, खालची बाजू वर.

"अरे, तू तर सगळ्यांना डोक्यावर उभं केलंयस."

त्यांना ती लिपी थोडी वाचता येते. पेटीवाल्यावर त्यांनी बोट ठेवलं. तो माणूस नाही. वरची खूण म्हणजे नऊ, खालची म्हणजे दरी. नऊ दऱ्या, कप जिथला आहे त्या मुलखाचं नाव. "तुझं अक्षर फार छान आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं उलटं."

मी बघितलं. डोक्यावरची पेटी दार झाली होती. फाकलेले पाय छपरावरून उडणारे दोन पक्षी झाले होते. घर.

कामगार खोकी उचलायला आले. मी प्रत्येक खोक्यावर शिक्का मारत होतो, ही बाजू वर, ही बाजू वर, आणि मला काही दिसत नव्हतं.

हे घर माझ्या वहीत आधीपासून आहे. १ मार्चचं पान, घड्याळजींच्या दुकानातलं.

बाईंनी निघताना विचारलं, इतके दिवस वही कधी उलटी वाटली नाही का? मी नाही म्हणालो. घरी येऊन या वहीतली १७ फेब्रुवारीची नोंद वाचली. तिथे लिहिलं आहे. म्हणजे मी खोटं बोललो. आधी कोणाशी, ते कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

कपाटातले पाचही कप बघितले. पाचव्या कपावर चतुर पात्याच्या टोकाशी आहे. पुढे तो कुठे जाणार होता?

१५ मार्च, शनिवार

ताई आज अर्ध्या तासात परत आली. घड्याळ मनगटावरून काढून खणात ठेवलं. म्हणाली, आता दुरुस्तीची गरज नाही. डोळे लाल होते. सुईत दोरा ओवत होते म्हणाली, पण ती बाहेरून येत होती.

मग करड्या कोटाची घडी घातली, कागदात गुंडाळली, दोरी बांधली. दोरीची गाठ तिला तीनदा बांधावी लागली. "घड्याळजींचा आहे," ती म्हणाली. "तू देऊन ये. मला आता वेळ नाही."

मी पुडकं घेतलं. मला आता सगळं माहीत होतं, आणि मी गप्प बसलो तर काहीही होणार नव्हतं. दोन आठवड्यांनी दुकान बंद होईल. ती इथे राहील. सूप तीच करेल. मी नेहमीसारखा दर रविवारी कप शोधेन.

हे वाक्य लिहून मी ते चारदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

१७ मार्च, सोमवार

दुपारची सुट्टी घेऊन कोट द्यायला गेलो. मुकादमांना कारण सांगितलं नाही. ते म्हणाले, पंडिताचा चेहरा बघून वाटतं परीक्षा आहे.

घड्याळजी घड्याळं बांधत होते. वाईट बांधत होते, लंबक आतच ठेवून. मी बाह्या वर केल्या आणि कामाला लागलो. एकेक घड्याळ थांबवून गुंडाळलं की खोलीतला आवाज कमी व्हायचा, जसं एखादं तळं हळूहळू आटत जावं. शेवटी पाचसहाच राहिली तेव्हा मी म्हणालो, "तो कप मला द्याल का?"

त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "तिने परत मागितला?"

"नाही. तिला माहीत नाही."

त्यांनी कप धुतला. फडक्याने आतून पुसला, बाहेरून पुसला, मग कामाच्या दिव्यासमोर धरला. तळातली बाई वर आली. आमच्या घराबाहेर ती मला पहिल्यांदाच दिसली. घड्याळजी तिच्याकडेच बघत बोलत होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मी तापातून नुकता उठत होतो. ताईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, कपाटातून एक कप काढून आणून दिला. म्हणाली, भाऊ मोठा होईपर्यंत हा तुमच्याकडे राहू दे. मधे त्यांनी दोनदा विचारलं. परवा परत एकदा. ती म्हणाली, अजून त्याला एकट्याला जमायचं नाही.

"मी मोठा झालोय," मी म्हणालो. इतक्या हळू, की उरलेल्या घड्याळांच्या आवाजात ते बुडालं. त्यांनी "काय?" विचारलं. मला परत म्हणावं लागलं.

कप मी खोक्यात नाही, शर्टाच्या आत धरून आणला. ताई बाहेर गेली होती. टेबलावर फडकं पसरलं आणि सहाही कप उपडे मांडले, दारं खाली, पक्षी वर, सगळ्यांची तोंडं एकीकडे. सहा घरांची आळी दिसत होती.

ताई पाव घेऊन आली. पिशवी हातातच राहिली.

"कुठे सापडला?"

"तू ठेवला होतास तिथे."

ती खुर्चीत बसली. मी उभाच होतो. मी सांगितलं की सेट पुरा झाला आहे, आणि सेट पुरा झाल्यावर काय करायचं ते तिनेच ठरवलेलं आहे.

"ती थट्टा होती रे."

"मला कोणी सांगितलं नाही."

मग मी ते विचारलं, जे बारा वर्षं विचारलं नव्हतं. सहावा कप मी तापात फोडला नाही ना?

"तू?" ती म्हणाली. "तुला तेव्हा चमचा धरवत नव्हता. कप कुठून फोडशील?" आणि मग माझ्याकडे बघताना तिचा चेहरा हळूहळू बदलला. "तू इतकी वर्षं असं समजत होतास?"

मी माझ्या हातांकडे बघत होतो. हे हात लोकांच्या घरात इतके जपून का चालतात, ते तिला त्या क्षणी कळलं असावं. मलाही.

मग ती म्हणाली, "तू इथे एकटा काय करशील? सुपात मीठ दोनदा घालतोस."

"पाणी वाढवीन," मी म्हणालो.

२२ मार्च, शनिवार

दुपारी ताईने खणातून घड्याळ काढलं, कानाशी लावलं, मनगटावर बांधलं.

"मागे पडतंय," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "बरंच."

२९ मार्च, शनिवार

सकाळी नोंदणी कचेरीत सह्या झाल्या. साक्षीदार मुकादम आणि मी. घड्याळजींनी अर्जात 'विवाहीत' लिहिलं होतं. दीर्घ ही मी बघितली आणि बघितली नाही. ताईने निळी साडी नेसली होती आणि घड्याळजींनी करडा कोट घातला होता. मी त्याच्या कोपराकडे नीट बघितलं. फाटलं कुठे होतं ते सापडलं नाही.

मुकादमांनी कंपनीची गाडी दिली, वर स्वतः चालवायला बसले. म्हणाले, "खोकी बांधायचं तर पंडित माझ्यावर सोडणार नाही, पण निदान गाडी तरी चालवू दे." ताईचं सामान सात खोकी. कपांचं खोकं मी कालच बांधलं होतं, आजवरचं सर्वांत चांगलं. सहा घरटी, प्रत्येक कप उपडा, मधे ताईचीच कापडाची चिंधी, कागद नाही. वर चिकटपट्टी, चारही बाजूंना बाण. ते खोकं ताईने मांडीवर घेतलं.

निघताना तिने मला सुपाबद्दल काही सांगितलं नाही, डब्याबद्दलही नाही. खिडकीतून हात बाहेर काढून माझी कॉलर सरळ केली. गाडी वळेपर्यंत मी कॉलरला हात लावला नाही.

मग घरात गेलो. अनाथाश्रमातले चौदा कप माझ्याकडे बघत होते. मी त्यांना धुवायला काढलं. दुसरं काही सुचलं नाही.

३० मार्च, रविवार

सकाळी चहा केला. जमला. कपासाठी कपाट उघडलं. ते रिकामं असणार हे माहीत होतं, हात सवयीने गेला.

वरच्या फळीवर एक कप होता. उपडा, फडक्याच्या घडीवर. मोकळ्या हवेतला चतुर.

मी खुर्चीवर बसून विचार केला. सहा कप मी स्वतः बांधले, स्वतः मोजले, चिकटपट्टी स्वतः लावली. काल सकाळी पट्टी जशीच्या तशी होती, मी बोट फिरवून पाहिलं होतं. मग लक्षात आलं, आमच्या घरात उघडलेली जागा कळू न देता बंद करणारं कोण आहे ते. खोक्यातल्या सहाव्या घरट्यात तिने काय भरलं असेल? माझे मोजे दोन दिवस सापडत नाहीत.

कप खिडकीशी नेला. समोरच्या भिंतीवर ऊन पडलं होतं, तेवढं पुरलं. ती वर आली. कपाळ, नाक, मिटलेले ओठ. ती आईसारखी नाही, आज पहिल्यांदाच नीट बघितलं. ती कोणासारखीच नाही. कुठूनतरी आलेली आणि थोडा वेळ थांबलेली आहे.

शिक्का वहीत परत काढला. या वेळी आधी बाण काढला, मग घर, मग पक्षी.

फळीवरच्या फडक्यावर, कपाखाली झाकलेली ताईची चिठ्ठी होती, चौपदरी घडी घातलेली.

'आमच्याकडे आता पाचच आहेत. मला अपुरा सेट चालत नाही, तुला माहीत आहे. हा सहावा तू स्वतः घेऊन ये. सांभाळून आण, नाजुक आहे.'

जु ऱ्हस्व लिहिला आहे. पेन हातातच होतं. तसाच राहू दिला.